नाटकाबाहेरचे गाणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नीना सिमोन या अमेरिकन गायिकेने मैफलीत गायिलेली नाट्यगीते आणि फ्रेंच शांसों (शब्दप्रधान गीते) यांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. तिचा गाभा एका वाक्यात आहे : “नाटकातला प्रसंग काढून घेतला की गाण्यात फक्त चाल उरते.” उरलेला बराचसा मजकूर माझ्या “पुण्यात बसून केलेल्या परदेशी कौतुका”विषयी आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु लेखकाची लायकी आधी ठरवून मग मुद्द्याकडे वळण्याची ही रीत मला खटकली, आणि ते स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

आता ते वाक्य. जर्मन नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचे ‘थ्रीपेनी ऑपेरा’ हे संगीत नाटक 1928 साली बर्लिनमध्ये रंगभूमीवर आले. सिमोनने गायिलेले त्यातले चाच्यांच्या जेनीचे गाणे (हॉटेलात राबणारी मुलगी चाच्यांच्या जहाजाची आणि सूडाची वाट पाहते, असे ते आहे) मूळ संहितेत जेनी या पात्राचे नाहीच. ते नायिका पॉली आपल्या लग्नात पाहुण्यांसमोर गाते, आणि तेही लंडनच्या सोहो भागातल्या एका गुत्त्यात पाहिलेल्या, भांडी घासणाऱ्या मुलीची नक्कल म्हणून. म्हणजे हे गाणे जन्मतःच परक्या तोंडी आहे. पुढे 1931 च्या चित्रपटात ते जेनीची भूमिका करणाऱ्या लोटे लेन्या या अभिनेत्रीच्या वाट्याला आले आणि त्याचा अर्थच पालटला. शिवाय गाणे सुरू होताना प्रकाश बदलावा, शीर्षकाचा फलक दिसावा, नटाने अभिनयापासून वेगळे होऊन गावे, असा ब्रेख्तचाच आग्रह होता. ज्या नाटककाराने गाणे प्रसंगापासून हेतुपूर्वक अलग केले, त्याच्याच गाण्याला आपण प्रसंगाच्या दावणीला बांधता!

सिमोनने 1964 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हे गाणे गाताना त्यातले हॉटेल अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावात नेले. वर्णभेदाविरुद्धचा लढा पेटलेला असताना एक कृष्णवर्णीय स्त्री फरशी पुसता पुसता सूडाची वाट पाहते, तेव्हा प्रसंग गेलेला नसतो. श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर दुसरा, अधिक जवळचा प्रसंग उभा राहिलेला असतो. आपण ते ध्वनिमुद्रण ऐकून हे वाक्य लिहिले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

माझ्या अधिकाराविषयी आपण विचारलेच आहे, म्हणून सांगतो. तरुणपणी मी अनेक वर्षे नाट्यसंगीताच्या बैठकींना पेटीची साथ केली आहे. ज्यांनी मूळ नाटक कधी पाहिले नव्हते, असे श्रोते एकेका पदाला डोळे पुसताना मी समोर बसून पाहिले आहेत. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ सादर केले, तेव्हा तेथे ना पडदा होता, ना शालू. तेथेही फक्त चालच उरली होती, असे आपण म्हणणार आहात काय?

एक गोष्ट मान्य करतो : बेल्जियन गीतकार-गायक जाक ब्रेलचे ‘न म कित पा’ (मला सोडून जाऊ नकोस) हे शांसों गाताना सिमोनचे फ्रेंच उच्चार अमेरिकन वळणाचे आहेत, हे आपले निरीक्षण योग्य आहे. मात्र त्यावरून शांसों फ्रेंच भाषकांनीच गावे, हा निष्कर्ष निघत नाही. गीतकाराने स्वतः गायिलेले शांसों दुसऱ्याने गाऊ नये, असे फ्रान्समध्येही कोणी मानले नाही. बार्बारा या फ्रेंच गायिकेने 1961 साली ब्रेलच्या गाण्यांची अख्खी ध्वनिमुद्रिका काढली होती.

वाद्यवृंद आणि तिकिटांचे दर यांविषयीच्या आपल्या तक्रारी माझ्या लेखाशी संबंधित नाहीत, त्यामुळे त्यांवर मी काही लिहीत नाही. पुढची प्रतिक्रिया गाण्याविषयी असेल, तर तिला सविस्तर उत्तर देईन.