दाढ दुखायच्या आधी

परवा कट्ट्यावर वाद पेटला तो मास्तरांच्या बोलण्यावरून. "वर्गातली एक मुलगी तीन दिवस गालाला हात लावून बसली होती. चौथ्या दिवशी आलीच नाही." किशोरवयातल्या मुलांच्या दातांची काळजी सरकारने आपल्या खर्चाने घ्यावी, असं त्यांचं ठाम म्हणणं.

आमचा हिशेबनीस उसळला. "दात घासायला लावणं आईबापाचं काम. त्याचे पैसे बाकीच्यांनी का भरायचे?"

डेंटिस्ट मैत्रीण एरवी फारसं बोलत नाही. तिने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला पेनाने दाढ काढली, मधोमध कापल्यासारखी, आणि वरची खाच गिरवून काळी केली. "ही खाच ब्रशच्या एका केसाहूनही अरुंद असू शकते. कितीही घासा, आत पोचत नाही. दुसरी मोठी दाढ येते बाराव्या-तेराव्या वर्षी, नेमकी पोरं घरच्यांचं ऐकेनाशी होतात तेव्हा. आणि इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, एकदा गेलं की पुन्हा येत नाही." तीच खाच सीलंटने, म्हणजे दाढेवर चढवायच्या पातळ लेपाने बुजवली, तर मागच्या दाढांची 80 टक्के कीड दोन वर्षं टळते, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम.

"इतकं सोपं आहे तर ज्याचं त्याने करावं की!" हिशेबनीस म्हणाला.

इथे मला राहवलं नाही. माझ्याच मुलाची तपासणी मी वर्षभर पुढे ढकलली होती, दुखत नव्हतं म्हणून. शेवटी रूट कॅनल करावं लागलं. हात आखडता असला की न दुखणाऱ्या दाताचा नंबर शेवटीच लागतो. सरकारी पैसा हवा तो याच ठिकाणी.

हिशेबनीसाने ऑस्ट्रेलिया काढली. तिथे 2008 मध्ये 12 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी व्हाउचर सुरू झालं, वर्षाला 150 डॉलरपर्यंत. पण ते तपासणी-सफाईपुरतं. कीड सापडली तर दात भरायला त्यातून पैसा नाही. कितीतरी व्हाउचर पडूनच राहिली.

त्याचा हा मुद्दा खरा आहे. पोराला "कीड लागलीय" एवढंच सांगून घरी धाडायचं, हे मला निर्दयपणाचं वाटतं. मात्र 2014 मध्ये त्यांनी योजना बदलली: तेव्हा वय 2 ते 17, दोन वर्षांत 1000 डॉलर, दात भरणंही त्यातच. मास्तर म्हणाले, नुसती चिठ्ठी घरी पाठवू नका, डेंटिस्टलाच शाळेत आणा. मला हे सगळ्यात पटलं. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाते, शाळेत मांडलेली खुर्ची चुकवता येत नाही.

मग गाडी अडली ती कोणाला द्यायचं यावर. ऑस्ट्रेलियात मदत ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्या घरांनाच, तर इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत 18 वर्षांखालच्या सगळ्यांना उपचार मोफत. मी सगळ्यांना म्हणतो. कागद गोळा करता करता ज्याला खरी गरज तोच मागे राहतो. हिशेबनीसाला हे अजिबात मान्य नाही. आम्ही उठेपर्यंत तो बेरजाच मांडत होता, त्या दाढेच्या चित्राशेजारी.