‘कॉपी नको, कटच करा’ या मेसेजला एका दुकानदाराचं उत्तर

शिमग्याला चाकरमानी गावी आले की ग्रुपवर फोटो येतात, आणि फोटोंच्या मागोमाग ज्ञान येतं. यंदाचं ज्ञान माझ्याकडे चार ग्रुपांवरून आलं. त्यातलं एक तर आमच्या काकांकडून, वर ‘तुझ्या धंद्याचं आहे, वाच’ अशी टीप मारून. गुहागरात माझं शूटिंग-एडिटिंगचं दुकान आहे. कार्डावरून कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर फाइली नेण्यातच दिवस जातो. म्हणून वाचलं.

मेसेज थोडक्यात असा. फाइल कधीही कॉपी करू नका, कट-पेस्टच करा, कारण कॉपीनं फोटोची क्वालिटी उतरते, वेळ दुप्पट लागतो आणि जादा कॉप्यांनी कॉम्प्युटर स्लो होतो. कट केल्यावर मात्र लगेच पेस्ट करा, नाहीतर फाइल मेमरीत अडकून नष्ट होते. मराठी नावं देऊ नका, कॉपी होताना बिघडतात. नव्या विंडोजमध्ये पेनड्राइव्ह थेट उपटला तरी चालतो. आणि जागा असूनही मोठी फाइल जात नसेल तर पेनड्राइव्ह डुप्लिकेट समजा. खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

आता एकेक घेऊ.

‘कॉपीनं क्वालिटी उतरते.’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात झेरॉक्स आहे. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर फिकं होत जातं, कारण मशीन दर वेळी कागदाचं नव्यानं चित्र घेतं. फाइल म्हणजे नुसती आकड्यांची माळ. सातबाऱ्यावरचा गट नंबर तुम्ही वहीत उतरवलात, वहीवरून वकिलानं उतरवला. आकडे बरोबर असतील तर वकिलाच्या कागदावरचा गट नंबर काही फिका होत नाही.

काकांना एवढ्यानं पटेना. मग त्यांना काउंटरच्या आत बसवलं. पालखी नाचवतानाचा एक फोटो घेतला, त्याची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, असं वीस वेळा केलं. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासूनच असते, ती फाइलचा एसएचए-256 हॅश काढून देते. हा 64 अक्षरांचा ठसा असतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. पहिल्या फोटोचा आणि विसाव्या कॉपीचा ठसा एकाखाली एक काढून दिला. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, स्क्रीनवर बोट टेकवलं आणि चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं मोठ्यानं वाचून ताडून बघितली. दोन गिऱ्हाइकं तोवर ताटकळली.

‘मग ग्रुपवर आलेला फोटो असा धुरकट कसा?’ त्यांचा पुढचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे आणि मेसेजचं मूळही बहुधा तिथंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो लहान करून, दाबून पुढे जातो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये उघडून परत जेपीजी म्हणून सेव्ह केला तरीही दर वेळी थोडं थोडं निघून जातं. यातलं काहीच ‘कॉपी’ नव्हे, पण शिव्या कॉपीला बसतात. कॉपीनं एक गोष्ट मात्र बदलते: विंडोज नव्या कॉपीला ‘क्रिएटेड’ची तारीख आजची देतं, ‘मॉडिफाइड’ची जुनीच ठेवतं. त्यामुळे फाइल जन्माच्या आधीच बदलली, असं विनोदी दृश्य दिसतं. फोटोच्या पोटात कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख तशीच राहते.

‘कट केलेली फाइल मेमरीत जाते.’ ही भीती टायपिंगमधून आली असावी. पत्र टाइप करताना मजकूर कट केला की तो पानावरून उडतो आणि क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत जातो. कट, कॉपी, पेस्ट ही मूळची मजकुराचीच सोय. 1970च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ती घडवली. फाइलीचं तसं नाही. कट दाबल्यावर आयकॉन फिका पडतो खरा, पण फाइल जागची हलत नाही. कॉम्प्युटर फक्त चिठ्ठी लिहून ठेवतो की ही उचलायची आहे. मध्येच दुसरं काही कॉपी केलंत, लाईट गेली, तर चिठ्ठी फाटते. फाइल आपल्या जागी. मॅकवाल्यांनी तर फाइलींना कट ठेवलाच नाही. आधी कॉपी करायची आणि पेस्ट करताना ऑप्शन बटण दाबून धरलं की ती हलते.

धोका कट दाबल्यावर नसतो, पेस्ट दाबल्यावर असतो. तो कसा, हे ‘कट वेगवान’ या मुद्द्यात येतं.

डी ड्राइव्हच्या एका फोल्डरातून डी ड्राइव्हच्याच दुसऱ्या फोल्डरात साठ जीबीचं लग्न हलवा, डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होतं. कारण लग्न कुठं हललेलंच नसतं, यादीतला पत्ता तेवढा बदलतो. इथवर मेसेज खरा. पण कार्डावरून हार्ड डिस्कवर नेताना कट-पेस्ट म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ पुसणं. वेळ तेवढाच, वर पुसण्याचा.

दुकान नवीन होतं तेव्हा मीही कटच करत असे. जूनमधली एक मुंज. संध्याकाळी कार्ड लावलं, सगळं सिलेक्ट, कट, पेस्ट, आणि चहाला गेलो. विजा चमकत होत्याच. लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी आदल्याच आठवड्यात राम म्हणाली होती. रात्री लाईट आल्यावर बघतो तर मातृभोजनापर्यंतचे फोटो कॉम्प्युटरवर, भिक्षावळीचे कार्डावर, आणि मधल्या तीन फाइली नावाला इथे, उघडायला कुठेच नाहीत. एकेक फाइल पोचली की विंडोज मूळ पुसत पुढे जातं. पोचली म्हणजे डिस्कवर पक्की लिहून झाली, असं मात्र दर वेळी नसतं. बटूच्या आजीचा चांगला आलेला एकच फोटो त्या तिनात होता. त्या घरी मी अजूनही नजर चुकवून जातो.

तेव्हापासूनचा क्रम असा. कॉपी. दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळवायचे. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या दोन-चार फाइली उघडून बघायच्या. आणि गिऱ्हाइकाला माल दिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. चार कार्डं जास्त लागतात, लागू देत.

जाता जाता एक. माउसनं ओढून नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, विंडोजमध्ये त्याच ड्राइव्हवर ओढलं तर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर कॉपी होते. कंट्रोल दाबून ओढलं तर कॉपीच, शिफ्ट दाबून ओढलं तर हलवणंच. ‘डेस्कटॉपवरची फाइल गायब झाली हो’ म्हणून येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती शेजारच्या फोल्डरात ओढून टाकलेली असते. लगेच कंट्रोल-झेड दाबलं तरी परत येते.

‘जादा कॉप्यांनी कॉम्प्युटर स्लो होतो.’ विंडोजवाली डिस्क गच्च भरली तर होतो. पण म्हणून एकच प्रत ठेवायची? माझ्या मेहुण्याचा स्टुडिओ चिपळूणच्या बाजारपेठेत. 22 जुलै 2021च्या पुरात वाशिष्ठी नदी बाजारात शिरली. कॉम्प्युटर टेबलाखाली, बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. कामं संपली की तो ती कॉम्प्युटरवरून कट करून त्या डिस्कवर टाकत असे, म्हणजे त्याला बॅकअप म्हणायचं ते फक्त सवयीनं. चिखल काढून झाल्यावर तो जुन्या गिऱ्हाइकांकडे फिरला, पेनड्राइव्ह मागत. ज्यांनी दिले त्यांची लग्नं परत मिळाली. म्हणजे वाचलं ते त्यानं कधीकाळी कॉपी करून लोकांना दिलेलं. आता त्याची एक डिस्क माझ्याकडे असते आणि माझी एक त्याच्याकडे, एसटीनं ये-जा करते.

मराठी नावांचं. अहो, काही बिघडत नाही, बिनधास्त द्या. अडचण येते ती लांबीची. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतचा सगळा पत्ता मिळून 260 अक्षरांची जुनी मर्यादा अनेक ठिकाणी अजून लागू आहे, आणि आपली जोडाक्षरं तिथं सुटी मोजली जातात. ‘श्रीव्याडेश्वर’ दिसायला पाच अक्षरं, कॉम्प्युटरच्या हिशेबी 14. फोल्डरात फोल्डर, त्यात ‘चि. सौ. कां.’पासून अख्खी पत्रिका नाव म्हणून टाकली की कॉपी अडते. लिनक्सवर (विंडोजऐवजी काही जण वापरतात ती सिस्टीम) नेहमीच्या डिस्कला एका नावाची मर्यादा 255 बाइट्स असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट्स खातं, म्हणजे 85 चिन्हांत भागवायचं. शिवाय नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दिसणारे दोन टिंब विंडोजला चालत नाहीत. तारीख लिहिताना आडवी रेघ वापरा.

पेनड्राइव्ह उपटण्याबद्दल मेसेजात अर्धं सत्य आहे. विंडोज 10च्या 1809 आवृत्तीपासून बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सेटिंग आहे, लिहिणं चालू नसताना काढला तर सहसा काही होत नाही. (याच आवृत्तीनं 2018च्या ऑक्टोबरात काही लोकांच्या फाइली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ती थांबवावी लागली, तेव्हा ‘नवं म्हणजे सुरक्षित’ हे जरा बेतानंच घ्या.) जुनं विंडोज असेल, कुणी ती सेटिंग बदललेली असेल, फाइल पेनड्राइव्हवरूनच उघडलेली असेल किंवा लिनक्स असेल, तर उपटू नका. लिनक्सवर पट्टी शंभर टक्के दाखवते आणि पेनड्राइव्हचा दिवा मागे लुकलुकत राहतो. खरं ते दिव्याचं.

राहिला डुप्लिकेट पेनड्राइव्ह. बाजारात खोटे असतात, नाही म्हणत नाही. पण ‘फाइल टू लार्ज’ आलं की नव्वद टक्के वेळा ड्राइव्ह फॅट32मध्ये, म्हणजे फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीत असतो, आणि त्यात 4 जीबीची एक फाइल मावत नाही, जागा 28 जीबी असली तरी. लग्नाचा सलग व्हिडिओ त्याच्या सहज वर जातो. ड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट केला की जातो. जुन्या टीव्हीला एक्सफॅट वाचता येतं का, ते तेवढं आधी बघा. फॉरमॅटनं आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यावर जे असेल ते आधी दुसरीकडे घ्या. कॉपी करून.