सातपूरला एक द्विभाषिक शाळा हवी

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला. जूनमध्ये तो जरा सैल करून पुन्हा काढला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. कॅनडातल्या एडमंटनमध्ये बसून मी हे सगळं नाशिकच्या घरच्यांकडून ऐकत होते. सक्ती मागे घेतली, याचा मला मनापासून आनंद झाला. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादायचं काही कारणच नव्हतं. पण त्या सगळ्या भांडणात एक प्रश्न बाजूलाच राहिला. नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागातल्या कामगार वस्तीत वाढणारं, घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारं मूल मराठी शिकणार कुठे आणि कसं?

कायदा आहे ना, असं उत्तर मिळतं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण विषय म्हणून भाषा शिकवली की मूल पास होतं, बोलतं असं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी दहावीला संस्कृतमध्ये नव्वदच्या वर मार्क मिळवले. त्यातलं आज दोन वाक्यं सलग कोण बोलेल? हिंदी माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास संपतो, घंटा होते आणि वर्ग पुन्हा हिंदीत बोलू लागतो. सोबतीला मराठी बोलणारं मूलच नाही, मग बोलणार कुणाशी?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावातल्या इंग्रजी भाषक पालकांचं दुखणं हेच होतं. प्रांत फ्रेंचांचा, मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच विषय शिकतात आणि शेजारच्या मुलाशी धड बोलू शकत नाहीत. त्यांनी शाळा मंडळाचा पिच्छा पुरवून १९६५ मध्ये एक बालवर्ग सुरू करून घेतला. तिथे बाई पहिल्या दिवसापासून फ्रेंचमध्येच बोलत. मुलं इंग्रजीत काही मागत, बाईंना ते समजे, पण उत्तर फ्रेंचमध्येच मिळे. इंग्रजीचे धडे दुसरीत सुरू झाले. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं. ती इंग्रजीत मागे पडली नाहीत, गणितातही नाहीत, आणि फ्रेंच नुसती विषय म्हणून घेणाऱ्यांच्या खूप पुढे गेली. आज ही पद्धत कॅनडाभर सरकारी शाळांत आहे. माझी मुलगी अशाच वर्गात शिकते.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की, पुढाकार घेतला तो तिथली भाषा न येणाऱ्यांनी. त्यांना ती हवी होती, सरकारने फक्त वर्ग दिला. सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या बिहारी बापालाही आपल्या मुलाला मराठी यावी असं वाटतं. इथेच राहायचं, इथेच नोकरी शोधायची, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच्यासमोर आपण आजवर सक्ती ठेवली, नाहीतर टोमणे. चांगला मराठी वर्ग ठेवला नाही.

माझा दादा म्हणतो, मग आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा वेगळं काय करतात? फार वेगळं करतात. सेंट लँबर्टच्या मुलांची घरची भाषा भक्कम होती आणि तिला मान होता. शिकवणाऱ्या बाईंना फ्रेंच सहज येत होती आणि मुलांचं बोलणंही कळत होतं. गल्लीबोळातल्या इंग्रजी शाळेत यातलं बहुतेक काहीच नसतं, आणि मराठी बोललं म्हणून मुलं बोलणी खातात. हेच आपण मराठीच्या नावाने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतही करतो. घरी कोकणा बोली बोलणारं मूल आश्रमशाळेत येतं, पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठी समोर, आणि त्याची बोली जाणणारं कुणी नाही. तिथे मूल गप्प बसायला शिकतं. नवी भाषा जुनीत भर घालते की जुनीला हुसकून लावते, हा फरक पुढे लँबर्ट यांनीच मांडला. माझ्या लेखी शाळेची पहिली परीक्षा हीच.

कॅनडातलंही सगळं गोड नाही. फ्रेंचच्या वर्गांत सुखवस्तू, शिकलेल्या घरांची मुलं जास्त येतात. ज्या मुलाला अभ्यास जड जातो ते हळूहळू इंग्रजी वर्गात पाठवलं जातं. चांगले फ्रेंच शिक्षक पुरत नाहीत. ही पद्धत जशीच्या तशी उचलली, तर नाशिकमध्ये ती कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पालकांची आणखी एक चैन होईल.

म्हणून मला दुसरा नमुना जवळचा वाटतो. १९६३ मध्ये मायामीतल्या कोरल वे या सरकारी शाळेत क्युबातून आलेल्या निर्वासितांची मुलं आणि इंग्रजी बोलणारी स्थानिक मुलं एकत्र शिकू लागली, दिवसाचा काही भाग स्पॅनिशमध्ये, काही इंग्रजीत. दोघांनाही रोज एकमेकांची गरज पडायची. एडमंटनमध्ये १९७४ साली युक्रेनियन-इंग्रजी वर्ग निघाले, पुढे चिनी आणि अरबीचेही. त्याआधी १९७१ मध्ये एडमंटनच्या अल्बर्टा प्रांताने इंग्रजीखेरीज अन्य भाषांत शिकवण्याची कायद्याने मुभा दिली होती.

सातपूरच्या एखाद्या महापालिका शाळेत हे करता येईल. बालवाडीच्या दोन तुकड्या, प्रत्येकीत अर्धी मुलं मराठी घरांतली, अर्धी हिंदी-भोजपुरी घरांतली. प्रवेश आसपासच्या वस्तीतल्यांनाच, जागा कमी पडल्या तर चिठ्ठ्या टाकून. एक बाई मराठीच्या, एक हिंदीच्या. मधल्या सुट्टीनंतर दोघी तुकड्या बदलतील. दोन तुकड्यांना दोन शिक्षक लागतातच, जादा पगार द्यावा लागत नाही. गणित आणि परिसर अभ्यास मराठीत ठेवावेत, कारण भाषा अशा कामातच मुरते. इंग्रजी पहिलीपासून बोलण्यासाठी, आणि पाचवीपासून विज्ञान इंग्रजीत. सेमी-इंग्रजीची सवय आपल्याला आहेच. ते नसेल तर पालक येणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

मराठी मुलांना अर्धा दिवस हिंदी म्हणजे मागच्या दाराने तीच सक्ती, असा आक्षेप येईल. तो मला गंभीर वाटतो. पण ती सक्ती राज्यातल्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतल्या मुलांवर सरसकट होती. ही शाळा ज्याला हवी त्याने निवडायची. शिवाय आज जी हिंदी भाषक मुलं मराठीचा तास सोडला तर पूर्ण दिवस हिंदीत शिकतात, त्यांचा अर्धा दिवस मराठीकडे येतो. याचा हिशेब मराठीच्याच बाजूने लागतो, असं माझं ठाम मत आहे. जुन्या नाशकात हाच विचार मराठी-उर्दूचा करता येईल, पण तो तिथल्या पालकांनी करावा.

खरी अडचण शिक्षकांची आहे. बिनमराठी मुलाला मराठीतून गणित शिकवायला चित्रं, हावभाव, वस्तू, तेच वाक्य चार प्रकारे सांगणं लागतं, आणि हे डी.एड.च्या पारंपरिक तयारीने येत नाही. म्हणून एकदम सातवीपर्यंत शाळा उघडू नये. आधी वर्षभर दोन बाईंची तयारी, मग बालवाडी, आणि दरवर्षी एकच इयत्ता वर. त्या दोन बाईंना मधेच निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामाला जुंपणार नाही, एवढं महापालिकेने आधी लेखी द्यावं.