काटा काढून टाक

आज सकाळी बघतो तर माझ्या गाडीखाली कुणीतरी जुनं घमेलं सरकवून ठेवलेलं. काठाला वाळलेलं सिमेंट, आत टिपूस नाही. थेंब पडत होते ते घमेल्याच्या बाहेर, चांगलं वीतभर अंतर सोडून. माझी अब्रू चव्हाट्यावर आणायचीच होती तर निदान नेम तरी धरायचा.

घमेलं कुणाचं हे विचारावं लागलं नाही. तळमजल्यावरचे काका खिडकीत उभेच होते. "मीच ठेवलंय," ते म्हणाले. "परत द्यायची घाई नाही. तुझं बरेच दिवस चालेलसं दिसतंय."

हा शेरा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जुनं इंजिन तेल प्यायला लागलं, तसं त्याच्या जागी दुसऱ्याच मॉडेलचं इंजिन बसवून घेतलं. ते का, आणि घरचे त्यावर काय म्हणाले, हे विषय इथे नकोत. इंजिन एका हाकेत सुरू होतं, आवाज खणखणीत. राहिली होती फक्त किरकोळ कामं: पाण्याचं तापमान दाखवणारं गेज बसवायचं आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, गळती शोधायची. इंजिन उतरवायला-चढवायला निदान चार माणसं येतात, फोटो काढतात. किरकोळ कामाला कुणी येत नाही. काका सोडून.

गेजचा घोळ असा की जुन्या डॅशबोर्डातला काटा नव्या इंजिनाच्या सेन्सरला जुमानत नाही. सेन्सरच्या पोटात थर्मिस्टर असतो. पाणी तापलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून काटा हलतो. पण किती अंशांना किती ओहम, हे प्रत्येकाचं वेगळं. म्हणून गेज आणि सेन्सर जोडीनेच घ्यावे लागतात. घेतले. तर सेन्सरचे आटे 1/8 एनपीटी, म्हणजे निमुळते, आणि इंजिनातलं भोक एम12 चं, सरळ आट्यांचं. मग मध्ये अडॅप्टर. अडॅप्टर म्हणजे आणखी एक सांधा, आणि सांधा म्हणजे गळायला आणखी एक जागा. पाण्यावर नजर ठेवायला जे बसवलं, तेच आता संशयितांच्या यादीत.

गेज लावलं त्या संध्याकाळी काका टॉर्च घेऊन आले. मदतीला. काकांच्या टॉर्चचं असं आहे, की काका जिकडे बघतात तिकडे ती वळते, आणि काका बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतात.

"हे गोल काय लावलंयस?"

"गेज आहे काका. पाणी किती तापलंय ते कळतं."

"किती तापलंय?"

"नव्वद."

"नव्वद!" टॉर्च माझ्या डोळ्यांत. "आणि आधी किती असायचं?"

"आधी आकडे नव्हते. नुसता काटा होता, मधोमध असायचा."

"म्हणजे आधी तापत नव्हती."

"आधीही तेवढीच तापायची हो. इंजिन नव्वदच्या आसपासच चालतं. पाण्याची वाट अडवणारा थर्मोस्टॅटच 82 ला उघडतो."

"अरे, माणसाला शंभर ताप चढला तर आपण डॉक्टरकडे नेतो. तू हिला नव्वदमध्ये पळवतोस?"

"काका, तो ताप फॅरनहाइटमध्ये."

"ताप तो ताप."

मी विषय बदलायचा म्हणून इंजिनात वाकलो. त्यांनाच अंधाराची काळजी वाटली. "दिवे लाव गाडीचे," ते म्हणाले. लावले. आणि काटा आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत नव्वदवरून एकशेपाचवर जाऊन बसला. दिवे बंद, पुन्हा नव्वद. दिवे चालू, एकशेपाच. काकांनी हे स्वतःच्या हाताने परत परत करून बघितलं. त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

"दिव्यांनी तापते," त्यांनी निकाल दिला.

आता खरं कारण अगदी साधं आहे. एका तारेच्या सेन्सरचा करंट इंजिनाच्या धातूतून चेसिसकडे परततो. पण इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये अर्थिंगची जाड पट्टी लागते. इंजिन बसवणाऱ्याने तिथे एक मरतुकडी तार जोडून ठेवली होती. त्यात गेज आणि दिवे यांची अर्थिंगही एकाच गंजक्या बोल्टवर. दिव्यांनी करंट ओढला की गेजचं गणित बिघडायचं. पाण्याला बिचाऱ्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. हे सगळं मी काकांना हातवारे करून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग दिवसाच चालवत जा," ते म्हणाले. जाताजाता वळले. "नाहीतर असं कर ना. काटा काढून टाक. नव्हता तेव्हा बरं होतं."

मला राग याचा नाही की हे बोलणं वेडगळ आहे. राग याचा आहे की मोटारी बनवणाऱ्यांचंही मत हेच आहे. अनेक गाड्यांत कंपनीचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. पाणी 80 असो की 100, तो आपला मधोमध ठाण मांडून. गिऱ्हाइकाने आकडा बघून घाबरू नये, म्हणून. म्हणजे मोठमोठ्या इंजिनिअरांनी डोकं लावून जे ठरवलं, ते काकांनी टॉर्च हलवत दोन मिनिटांत ठरवलं. आणि बाहेरून घेतलेलं गेज बघा: थर्मोस्टॅट उघडला, काटा खाली, चढ लागला, काटा वर, सिग्नलला थांबलो, आणखी वर. रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त लक्ष. शिवाय खरी वेळ आली की तो दगा देतो. पाणी गळून सेन्सरच्या खाली गेलं, की सेन्सर वाफेत लोंबकळत राहतो आणि बऱ्याचदा काटा खाली येतो. इंजिन जळायच्या बेतात, आणि हा म्हणणार, सगळं थंड आहे.

बरं, गेजच्या खोक्यात ओहमचा तक्ता मागितला तर मिळत नाही. कागद असतो मोठा, सहा भाषांत, आणि सहाही भाषांत एकच लिहिलेलं: तज्ज्ञाकडून बसवून घ्या.

तर आज सकाळी. घमेल्याचा निषेध नोंदवायला मी खाली वाकलो, तोवर काका बाहेर येऊन माझ्या शेजारी उकिडवे बसले. हिरवट थारोळ्यात त्यांनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आणि तोंडाकडे वळवलं. मी मनगट पकडलं.

"अरे, पाणी की तेल, चवीवरून लगेच कळतं."

"काका, विष आहे ते! इथिलीन ग्लायकॉल."

"वास तर गोड येतोय."

"गोडच असतं, म्हणून तर कुत्री चाटतात आणि मरतात. आणि तुम्ही वर घमेलं मांडून ठेवलंय, जेवायला वाढल्यासारखं!"

काका दुखावले. बोट माझ्याच फडक्याला पुसलं, घमेलं उचललं आणि काखेत मारून निघाले. "बघायला गेलं तर चांगुलपणाच केला होता," हे मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते भिंतीला सांगून गेले.

थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, ही या धंद्यातली पहिली शिकवण. पाणी सांध्यातून निघतं, होज पाइपच्या पोटाखालून सरपटत जातं, एखाद्या आडव्या पट्टीवर विसावतं आणि मन मानेल तिथे खाली उतरतं. गाडी थोड्या उतारावर लावली की जागा बदलते. म्हणून शोधायचं ते नेहमी थेंबाच्या वर. वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघितलं; आतलं सील गेलं तर पाणी बाहेर दिसावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. कोरडं. थर्मोस्टॅटचं गॅस्केट, कोरडं. हीटरची जाळी गळत असती तर पायाखालचा गालिचा भिजला असता, तोही ठणठणीत. हेड गॅस्केटचं नाव मी काढत नाही. काढलं की खरं होतं.

शेवटी रेडिएटरच्या झाकणाच्या जागी चाचणीचा हातपंप लावला आणि झाकणावर लिहिलेला दाब भरला, 1 बार. गरम असताना झाकण का उघडायचं नाही तेही याच आकड्यात आहे: एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही, झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. इंजिन गार होतं. पंपाचा काटा इतक्या हळू उतरत होता की डोळे चोळावेत. आणि मग वरच्या होजच्या टोकाला, क्लिपच्या कडेखाली, हिरवी फुगीर टिकली दिसली. वाढली, थरथरली, पाइपच्या पोटाखाली नाहीशी झाली.

नव्या इंजिनाची नळी 32 मिलिमीटरची, रेडिएटरची 38 ची. दोन्ही जुळवायला लहान-मोठ्या तोंडाचा होज, आणि लांबी बसावी म्हणून बसवणाऱ्याने इंजिनाकडची नळी कापलेली. कापताना टोकाचा उंचवटा उडाला, ज्याच्यामुळे होज धरून राहतो. उरली गुळगुळीत नळी. इंजिन गरम असताना रबर फुगून घट्ट बसायचं. पहाटे सगळं आकसलं की क्लिप ढिली आणि थेंब सुरू. म्हणून दिवसा मी तपासायला गेलो की सगळं कोरडं आणि सकाळी घमेल्याची वेळ. या माणसाने कामाच्या यादीत त्या नळीसमोर लिहिलं होतं: फिनिशिंग.

आणि ती क्लिप! स्क्रूने आवळायची ही क्लिप ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या कमांडरने 1921 मध्ये काढली. शंभरावर वर्षं झाली. एवढ्या काळात कुणालाच सुचू नये की स्क्रूची खाच नेमकी चेसिसच्या बाजूला तोंड करून बसते, जिथे हात जातो पण स्क्रू ड्रायव्हर जात नाही? ती क्लिप काढून स्प्रिंगची लावली, रबर आकसेल तशी तीही आवळते. नळीच्या टोकाला उंचवटा पाडून घेतला. यात बोटाचं साल गेलं, ते वेगळं.

ऑइल प्रेशरचं गेज अजून खोक्यातच आहे. ते यांत्रिक प्रकारचं. 1849 मध्ये बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने शोधलेली वाकडी नळी त्यात असते. तेलाचा दाब वाढला की ती उलगडू बघते आणि काटा फिरवते. वायर नको, अर्थिंग नको, दिवे लावले काय नि विझवले काय. फक्त इंजिनातलं गरम तेल एका बारीक नळीतून थेट डॅशबोर्डापर्यंत आणावं लागतं. म्हणजे पुढची गळती गाडीच्या आत, माझ्या गुडघ्यांवर. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.