लांब पल्ल्याची

1 ऑगस्ट 2024 ला दुपारी दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं, तिथून हे सगळं सुरू झालं. नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दुपारी एक ते चार या वेळात सोलापूरचा माणूस दवाखाना नाहीतर मयत, या दोनच कारणांनी बाहेर पडतो. टॉवेल घ्यायला कुणी येत नाही. म्हणून गल्ल्यावर मोबाइल टेकवून मी ऑलिम्पिक बघत बसलो होतो. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुण करून ब्राँझ घेऊन गेला. पोरगा रेल्वेत टीसी. आमच्या घराण्याचा टीसीशी आजवर आलेला संबंध पावती फाडण्यापुरता, त्यामुळे मला जरा जास्तच भरून आलं. पण खरा धक्का वेगळा होता. हा खेळ गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून असा तीन प्रकारे खेळतात. पालथं पडून! ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर आधी आईची आणि मग बायकोची बोलणी खाल्ली, तिला जगात पदक आहे हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, "मी लांब पल्ल्याची घेणार आहे."

"गाडी?"

"रायफल. बोल्ट ॲक्शन."

"अगंबाई. आणि लांब पल्ल्याची म्हणजे जाते कुठपर्यंत? अक्कलकोट?"

"हजार मीटर."

"म्हणजे कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत. मग येताना दळण घेऊन या."

पुढचे दोन महिने मी रोज रात्री मोबाइलवर अमेरिकन माणसं बघितली. सगळे दाढीवाले, सगळ्यांच्या मागे डोंगर आणि सगळ्यांचं एकमेकांशी भांडण. एक म्हणतो .308 काडतुसाची घ्या, 1952 पासून चालत आलेली आहे. दुसरा म्हणतो म्हातारीला काय करताय, 2007 साली निघालेली 6.5 क्रीडमूर घ्या, वाऱ्याला कमी हलते. नळीच्या आतल्या आट्या किती इंचात एक फेरा घेतात यावरून तर दोघांनी बोलणं टाकलेलं. मला सुताचा काउंट कळतो, त्यामुळे एवढं बारीक भांडण ऐकून परकं वाटलं नाही. आमच्याकडेही चाळिसाच्या की साठाच्या सुतावरून लोकांनी सोयरिकी मोडल्यात.

बोल्ट मात्र मला पहिल्या दिवशी समजला, कारण तो आमच्या जुन्या वाड्याच्या दाराला होता. दांडी वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा, कडी बसली. मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे ढकलताना नवं नळीत जातं. अख्खी बोल्ट ॲक्शन म्हणजे एवढंच, आणि कडी घट्ट बसते म्हणूनच ती नेमाला पक्की. आजी रात्री दहाला ही क्रिया करायची, फक्त तिच्यातून गोळी सुटत नव्हती, शिव्या सुटायच्या.

मग आलं एमओए. मिनिट ऑफ अँगल, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. चांगली रायफल साधारण एक एमओएमध्ये गोळ्या टाकते, असं जो तो सांगतो. कागद घेऊन मी हिशोब केला. 100 मीटरवर एक एमओए भरतं 29 मिलिमीटर, म्हणजे दहाच्या नाण्याहून किंचित मोठं. 1000 मीटरवर तेच होतं 29 सेंटिमीटर. बरोबर एका कडक भाकरीएवढं. हे समजल्यावर मला इतका आनंद झाला की मी डब्यातली भाकरी काढून भिंतीला लावून बघितली.

"ती खायची असते," बायको म्हणाली.

"किलोमीटरभर लांबून हिच्यावर गोळी मारायची. गोळीला पोचायला दीड सेकंदाच्या वर लागतो."

"तोवर मी ती उचलून ठेवीन."

बंदुकीच्या दुकानदाराने माझ्या दोन महिन्यांच्या अभ्यासाचा निकाल पाच मिनिटांत लावला. मी क्रीडमूर म्हटल्यावर तो शेजारच्या माणसाकडे बघून नुसता हसला. मग म्हणाला, "मालक, .22 आहे, .315 आहे, शोधली तर थर्टी-ओ-सिक्स मिळेल. मारणार कुठं?"

हा प्रश्न मला एकाही दाढीवाल्याने विचारला नव्हता. शिकारीचा विषयच नाही. 1972 च्या कायद्यानं तो मिटवलाय, आणि आमच्याकडे नान्नजच्या माळावर माळढोकाचं अभयारण्य आहे, काळवीट रस्त्याकडेला येऊन उभी राहतात. (रायफलीची बातमी फुटल्यावर बार्शीच्या साडूनं फोन करून "आमच्यासाठी एक तंगडी ठेव" म्हटलं, तेव्हा मी कुणी ऐकत तर नाही ना म्हणून मोबाइल उशीखाली दाबला.) माळरान हवं तेवढं आहे, पण माळावर जाऊन बार काढणं म्हणजे थेट गुन्हा. रेंजच हवी, मागे मातीचा बांध असलेली. सोलापुरात सरळ, मोकळा एक किलोमीटर म्हणजे होटगी रोडची धावपट्टी. तिथं विमान यायला अडथळा होतो म्हणून 2023 साली साखर कारखान्याची अख्खी चिमणी पाडावी लागली. माझ्या गोळीसाठी कोण काय पाडणार?

शेवटी तोडगा काढला तो आमच्या सुभेदार काकांनी. सांगोल्याकडचे, फौजेतून निवृत्त. म्हणाले, ".22 घे. तिची गोळी संथ जाते. 50 मीटरला नेम बसवलास तर 100 मीटरला वीतभर खाली पडती आणि वारा आला की वाटेल तिकडं जाती. हजार मीटरवर मोठी रायफल जे शिकवती ते ही दोनशेवर शिकवती, निम्म्याच्या निम्म्या पैशात. उरलेलं गोळ्यांत घाल. सामानात घालू नको."

शेवटची दोन वाक्यं मी ऐकली नाहीत.

परवान्याचं काय सांगू. अर्ज ऑनलाइन, मग पोलीस चौकशी, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला. मानसिक दाखला मिळाल्यावर बायकोनं त्या डॉक्टरांचा पत्ता मागितला. तिला त्यांना काही माहिती द्यायची होती. चौकशीला आलेले हवालदार सज्जन होते. "कुणाशी दुश्मनी?" नाही. "धमकी?" नाही. "शेती, रानडुकरं?" नाही. "मग कशाला पायजे?" मी म्हटलं ऑलिम्पिक. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, पेन थांबवलं आणि चहा मागितला. खरं सांगतो, मला याचा राग नाही आला. ज्या गावात पार्किंगवरून डोकी फुटतात तिथं माझ्यासारख्या माणसाला रायफल देण्याआधी कुणीतरी चार वेळा विचार करतंय, हे ऐकून मला रात्री बरी झोप लागली.

पण ते चार वेळा विचार करेपर्यंत चौदा महिने गेले, आणि त्या चौदा महिन्यांत माझ्याकडे सामान येत राहिलं.

आधी दुर्बीण. नियम असा सांगतात की जेवढ्याची रायफल तेवढ्याची दुर्बीण. माझी रायफल अजून शून्य रुपयांची होती, तरी मी 6 ते 24 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची घेतली. मग ती धरायच्या रिंगा. मग रिंगांचे स्क्रू मोजून पिळायला टॉर्क स्क्रूड्रायव्हर, कारण ते पंधरा-अठरा इंच-पाउंडांपलीकडे आवळले तर दुर्बिणीची नळी चेपते. भाच्याने हौसेनं साध्या पान्यानं आवळून पहिल्या रिंगेखाली नळी जराशी चेपवून दाखवलीच. मग बायपॉड, म्हणजे पुढचे दोन पाय. मग वारा मोजायचं यंत्र. सोलापुरात मे महिन्यात वारा मोजायला यंत्र लागत नाही, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं, पण यंत्रावर आकडा येतो.

पालथं पडायला चटई मात्र मी विकत घेतली नाही. आपल्याच दुकानातली जाड सोलापुरी चादर, चौपदरी. आणि रायफलीच्या दस्त्याखाली ठेवायची मागची पिशवी, जी मुठीत दाबली की नेम केसभर वर जातो, सैल सोडली की खाली येतो, तीही घरी शिवली. दाढीवाले तिच्यात प्लॅस्टिकचे दाणे भरतात. मी भरली ज्वारी. साधी नाही, मंगळवेढ्याची मालदांडी. मोत्यासारखा गोल, टपोरा दाणा; मुठीत दाबला की हळूच सरकतो आणि जिथं थांबला तिथं थांबतो. ती पिशवी शिवताना मला वाटलं, या एका बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे गेलो.

रायफल नसल्यामुळे दुर्बीण मी गच्चीवर कॅमेऱ्याच्या तिवईला बांधली आणि सराव सुरू केला. तेव्हा कळलं, की 24 पटीवर मे महिन्यातलं सोलापूर दिसतच नाही. दिसतं ते उकळतं पाणी. दुपारी समोरची पाण्याची टाकी चुलीवर ठेवल्यासारखी हलत होती. पट कमी करून दहावर आणली तेव्हा टाकी जागेवर बसली. दुसऱ्या दिवशी गल्लीत बोभाटा. शेजारचे अण्णा जिन्यातूनच ओरडले, "काय करूलालास बे वर? बायामाणसं राहत्यात इथं!"

मी त्यांना वर बोलावलं आणि दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. डोळा भिंगापासून अर्धी वीत मागं ठेवायचा असतो. त्यांनी नाक टेकवलं. बराच वेळ काळंच दिसलं. मग एकदम गप्प झाले.

"हा चावीवाला ना रे?"

होता. मारुतीच्या देवळामागं, सायकल भिंतीला लावून, लांब टी-चावी खड्ड्यात घालून उभा. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असूनही आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल हे त्या एका माणसाला माहीत असतं. अण्णा जिना उतरले ते "मोटारी लावा!" असं ओरडतच. त्या दिवशी आमच्या गल्लीनं दहा मिनिटं आधी पाणी भरलं. त्यानंतर माझ्या गच्चीवर येण्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही. उलट खुर्ची आली.

परवाना मिळाला, .22 आली. हातात घेतली तेव्हा अपेक्षेपेक्षा बारीक आणि गप्प वाटली. बोल्ट उचलला, मागे ओढला, पुढे ढकलला, खाली पाडला. आजी आठवली. आठ दिवस ती कुलुपाच्या कपाटातून काढून नुसता चाप दाबायचा सराव केला, खोटं काडतूस घालून.

ओळखीच्या क्लबमार्फत पुण्यात बालेवाडीला 50 मीटरच्या रेंजवर एक सकाळ मिळाली. 50 मीटरसाठी अडीचशे किलोमीटर. बायको म्हणाली, लांब पल्ल्याची म्हणजे काय ते आज समजलं. मी तिला ऐकवलं की पॅरिस ऑलिम्पिकची नेमबाजी तरी पॅरिसात कुठं झाली, ती पण अडीचशे किलोमीटरच्या वर लांब, शातोरूला. यावर ती म्हणाली, त्यांनी डबा नेला असेल.

रेंजवरची कोच मुलगी माझ्या निम्म्या वयाची. मी गाडीतून पेटी उतरवली, चादर अंथरली, बायपॉड उघडला, दुर्बिणीची टोपणं काढली, वाऱ्याचं यंत्र लावलं, पिशवी ठेवली. ती हाताची घडी घालून शेवटपर्यंत बघत राहिली.

"काका, कुठल्या प्रकारासाठी तयारी करताय?"

"कुसळेंचा. थ्री पोझिशन."

"त्यात दुर्बीण चालत नाही."

"म्हणजे?"

"पीप साइट असते. मागं बारीक भोक, पुढं कडं. आणि बायपॉड चालत नाही. दंडाला पट्टा बांधून हातावरच पेलायची. फायनल बघितली ना तुम्ही?"

बघितली होती. अख्खी. त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती हे दिसायला मला चौदा महिने आणि ती पेटी लागली. मग मी विचारलं, यातलं काय चालेल? तिनं पेटीत वाकून बघितलं. "कानातले बोळे चालतील."

तरी तिनं सरावापुरतं सगळं लावून मारू दिलं. समोरच्या कागदावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे चटणीतला एक शेंगदाणा, पन्नास मीटर लांब. मी पालथा पडलो, गाल दस्त्याला टेकवला, पिशवी मुठीत धरली, श्वास सोडला, आणि मनगटावर काहीतरी चालायला लागलं. बघतो तर सोंडा. पिशवीच्या शिवणीतून एकेक करून काळे सोंडे बाहेर येत होते आणि चादरीवर पसरत होते. चौदा महिन्यांत माझी मालदांडी आतून पोखरून भुगा झाली होती. मागून बायकोचा आवाज आला, "पावडर न लावता ज्वारी भरली होती?"

पाच गोळ्या मारल्या. त्यातल्या दोन गोळ्या वर्तुळांच्या बाहेर गेल्या, पण पाचही एका कडक भाकरीत मावत होत्या. हजार मीटरवर याला लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

परत आल्यावर दुर्बीण काढून, स्क्रू मोजून पिळून, पुन्हा तिवईवर बसवली. रायफल आहे तशी पीप साइटची वाट बघत कपाटात आहे. ज्वारी बायकोनं चाळून, पाखडून कबुतरांना घातली आणि पिशवी धुऊन दोरीवर टाकली.

काल पहाटे साडेपाचला फोन वाजला. अण्णा.

"उठलास का बे? बघ की जरा, कुठं हाय तो."

मी गच्चीवर गेलो. पट दहावर, भिंगाची कडी फिरवून चित्र स्वच्छ केलं. पहाटेची हवा गार, कुठं काही थरथरत नव्हतं.

"तिसऱ्या गल्लीत," मी सांगितलं. "सायकल लावलीय. चावी अजून खांद्यावरच हाय. भांडी लावा."