तांबट आळीचा माणूस

पुण्यात वेताळ टेकडीवरून काढायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याची बातमी पुन्हा आली आणि रविवारी सकाळी कट्ट्यावर सुहासला कंठ फुटला. "वेताळ टेकडी राहिली काय, गेली काय, या पोरांना काय त्याचं? मोबाइलमधून मान वर काढली तर टेकडी दिसेल! आम्ही चतुर पकडायचो, कैऱ्या पाडायचो..."

"चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचात ना, काका?" सई. पक्याची पुतणी, नुकतीच बारावी झालीय. आमच्यात कटिंग प्यायला येते आणि आमची अब्रू काढून जाते.

"अगं, खेळ होता तो!"

"चतुराला विचारलंत?"

बन्या मध्ये घुसला. "पण शाळेत पर्यावरण शिकवतात की! सुप्रीम कोर्टानं १९९१मध्ये सांगितलं, २००३मध्ये पुन्हा दटावलं." बन्या वकील. तारखा तोंडपाठ, बायकोचा वाढदिवस सोडून.

"शिकवतात ना," सई म्हणाली. "'परिसरातील पक्षी' असा प्रकल्प होता. अख्ख्या वर्गाच्या वह्यांत तेच दहा पक्षी, त्यात राजहंस. मुठा नदीत राजहंस! मॅडमनी सगळ्यांच्या वह्यांवर सही ठोकली."

टुक्... टुक्... टुक्...

"आणि इथे कसला आलाय निसर्ग?" सुहास वैतागला. "दिवसभर त्या गॅरेजवाल्याची ठोकाठोक."

"गॅरेज रविवारी बंद असतं, काका."

सईनं समोरच्या उंबराच्या शेंड्याकडे बोट केलं. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ लालभडक, गळा पिवळा. चोच मिटलेली, पण प्रत्येक टुक्‌ला मान हलत होती.

"तांबट."

कट्टा फुटला. कारण सुहासचा जन्म कसब्यात, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या तांबट आळीत! हातोड्याच्या ठोक्यांवर वाढलेला माणूस. (मलाही तो आवाज इतकी वर्षं कुठल्यातरी पंपाचा वाटायचा. मी गप्प बसलो.)

"तुला गं कुठून कळलं?" सुहासनं विचारलं.

"मोबाइलमधून."

पोरगी थांबेना. "आणि अर्ज करकरून सोसायटीतली वाळकी फांदी छाटून घेतलीत ना? तांबट वाळक्या फांदीतच ढोली कोरतो."

"गाडीवर पडली असती म्हणजे?"

"कुठली गाडी?" पक्याला तो जुना राग होताच, पार्किंगचा. "ती गेली पाच वर्षं जागची हललेली नाही. एव्हाना तिच्यातच ढोली झाली असेल!"

बन्याच्या नाकातून चहा आला. टेकडीचा रस्ता कुठल्या कुठे राहिला. चहावाला पैसे मागायला आला, तर सुहास सगळ्यांच्या आधी उठला.

"गॅरेजवाल्याच्या नावावर लिही रे."