मर्सिडीज स्वस्त होईल हो, चाकणच्या शेड्यूलचं बोला

२७ जानेवारी २०२६ ला युरोपीय महासंघाशी मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि तेव्हापासून माझ्या फीडवर एकच हिशेब चाललाय. मर्सिडीज किती लाखांनी उतरणार? ज्यांनी आयुष्यात सेकंडहँड वॅगनआरच्या पुढे चौकशी केली नाही, तेसुद्धा बीएमडब्ल्यूच्या ऑन-रोड किमतीवरून एकमेकांची अक्कल काढतायत. काढा बापडे. मी भोसरी-चाकण पट्ट्यात सुट्या भागांच्या कारखान्यात प्लॅनिंग बघतो. मला त्या बातमीतली भलतीच ओळ खुपली.

तयार गाडीवरचा ११० टक्के आयात कर टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर येणार, पण वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यापुरताच. आपल्याकडे वर्षाला ४३ लाखांच्या आसपास प्रवासी वाहनं विकली जातात. त्यातही येणाऱ्या गाड्या बहुतेक महागड्या. म्हणजे स्विफ्ट-पंचच्या गिऱ्हाइकाला काही फरक पडत नाही, आणि त्या गाड्यांचे भाग करणाऱ्या शेडलाही लगेच नाही. ज्या ओळीवर कुणी बोलत नाही ती पुढची आहे: गाड्यांच्या सुट्या भागांवरचा कर पाच ते दहा वर्षांत पूर्ण शून्य.

आता हे दोन्ही बाजूंनी बघा. आपला भाग युरोपात जातो तेव्हा तिथे साधारण ३ ते साडेचार टक्केच कर लागत आलाय. तो गेला तर बरंच आहे, पण त्यानं आपलं नशीब फळफळणार नाही. त्यांचा भाग इकडे येतो त्यावर आपण बहुतांश १५ टक्के लावतो. तो शून्य झाला की भोसरीतल्या माणसाची स्पर्धा थेट जर्मनी, चेक, पोलंडमधल्या कारखान्यांशी. मजुरी त्यांची जास्त हे खरं, पण प्रेस शॉपमध्ये (जिथे पत्रा दाबून भाग काढतात) रोबो, वीज अखंड, रिजेक्शन नगण्य. आपल्याकडे गुरुवारी वीज जाते म्हणून आठवड्याचं प्लॅनिंग तसं लावणारे कारखाने मी रोज बघतो.

मी कराराच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये मला लाल झेंडा हातात देतील. माझं म्हणणं वेगळं आहे. मोटारीचे बरेच कारखाने आयात कराच्या भिंतीच्या आडोशाला उभे राहतात. भिंत उतरली की कारखाना लगेच पडत नाही. पण तिथे असण्याचं जुनं कारण संपतं आणि त्याला नवं कारण शोधावं लागतं. ते कारण सापडेपर्यंतची पाच-सात वर्षं कुणी काढायची, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

ब्रिटनमधल्या स्विंडन शहराचं उदाहरण घ्या. जपानी कंपन्या १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये का गेल्या? युरोपच्या बाजारात जपानहून गाडी पाठवायची तर १० टक्के कर, शिवाय संख्येवर बंधनं. ब्रिटनमध्ये बनवली तर ती घरचीच गाडी. निसाननं १९८६ मध्ये संडरलंडला कारखाना सुरू केला, होंडा स्विंडनला आली. पुढे १ फेब्रुवारी २०१९ ला युरोपीय महासंघ आणि जपान यांचा करार लागू झाला आणि जपानी गाड्यांवरचा तो कर हळूहळू शून्याकडे निघाला. त्याच महिन्यात होंडानं स्विंडन बंद करण्याची घोषणा केली. कंपनी म्हणाली ब्रेक्झिटचा संबंध नाही, विजेच्या गाड्यांमुळे जगभरचं उत्पादन नव्यानं लावतोय. असेल. पण ज्या भिंतीमुळे स्विंडन उभं राहिलं ती जात होती आणि त्याच वेळी ब्रिटन स्वतः महासंघाच्या बाहेर पडत होता, हा योगायोग मला पचत नाही. जुलै २०२१ मध्ये कारखाना बंद झाला. कामगार साडेतीन हजार, भाग पुरवणाऱ्यांकडचे वेगळे. २०१६ मध्ये १७ लाखांहून जास्त गाड्या बनवणारा ब्रिटन २०२४ मध्ये आठ लाखांच्याही खाली आला. करोना, चिप्सची टंचाई, जुनी मॉडेलं बंद होणं, ही सगळी कारणं त्यात आहेत.

तरी होंडानं घोषणेपासून कुलूप लागेपर्यंत जवळजवळ अडीच वर्षं दिली होती. आपल्याकडे असं कुणी दिलं?

आपलं स्विंडन म्हणजे तळेगाव. जनरल मोटर्सनं २००८ मध्ये तिथे कारखाना काढला, २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि डिसेंबर २०२० पर्यंत निव्वळ निर्यातीवर लाइन चालवली. चीनची ग्रेट वॉल तो घेणार होती. तिच्याशी राज्य सरकारचा ३,७७० कोटींचा सामंजस्य करार झाला तो दिवस १५ जून २०२०. त्याच रात्री गलवानमध्ये आपले जवान गेले. शेजारी देशांच्या गुंतवणुकीला आधी केंद्राची परवानगी हवी, हा नियम त्याच एप्रिलमध्ये आला होता. ती परवानगी कधी मिळालीच नाही आणि दोन वर्षांनी ग्रेट वॉलनं नाद सोडला. मग २०२३ मध्ये ह्युंदाईनं करार केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडायला लागल्या. कागदावर बघाल तर सुखान्त. जागा वाचली, गुंतवणूक आली, मंत्र्यांचे फोटो झाले. मधल्या काळात हजारावर कायम कामगार मात्र कोर्टाच्या तारखा आणि उपोषणाचा मंडप यांत अडकले. ‘नव्या कंपनीत आम्हाला सामावून घ्या’ एवढीच त्यांची मागणी होती. इमारतीला नवा मालक मिळतो, वेल्डरला मिळेलच असं नाही.

भिंत उतरण्याची गोष्ट झाली. ती अचानक उंच झाली की काय होतं ते याच वर्षी चाकणला दिसलं. मेक्सिकोनं १ जानेवारी २०२६ पासून, ज्यांच्याशी मुक्त व्यापार करार नाही अशा देशांच्या गाड्यांवरचा कर २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला. मेक्सिको ही दक्षिण आफ्रिका आणि सौदी अरेबियानंतर भारतीय गाड्यांची तिसरी मोठी परदेशी बाजारपेठ. तिथे जाणाऱ्या गाड्यांत जवळपास निम्म्या फोक्सवॅगन गटाच्या, आणि त्या चाकणच्या. आधी व्हेंटो जायची, आता व्हर्टस. मेक्सिकोचं आपल्याशी भांडण आहे का? अजिबात नाही. त्यांचा रोख चीनवर, आणि नजर वॉशिंग्टनवर. अमेरिका-कॅनडा-मेक्सिको कराराचा फेरविचार जुलै २०२६ मध्ये ठरलेला, त्याआधी ‘चिनी माल आम्ही मागच्या दारानं आत घेत नाही’ हे दाखवणं त्यांना गरजेचं. रांगेत चीनच्या मागे आपण उभे होतो, फटका आपल्यालाही बसला.

असा फटका वरून खाली कसा येतो, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पेपरात हे येत नाही. कुठलीही कंपनी धरा. मोठा कारखाना पहिल्या फळीच्या, म्हणजे त्याला थेट माल देणाऱ्या, पुरवठादाराला महिन्याचं शेड्यूल देतो, म्हणजे कुठला भाग किती नग हवा ते सांगतो, सोबत पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज. पहिली फळी तेच आपला नफा-बिफा बघून दुसऱ्या फळीला देते, दुसरी तिसऱ्याला. अंदाज हा अंदाजच असतो, त्याला कुणी बांधील नाही. पण पत्रा त्याच अंदाजावर घ्यावा लागतो, नाहीतर वेळेवर माल जात नाही आणि लाइन थांबवल्याचा दंड बसतो. मेक्सिकोची गाडी लेफ्ट हँड ड्राइव्ह. तिचा डॅशबोर्डमागचा सांगाडा, पेडलची ब्रॅकेट्स, वायरिंग धरून ठेवणाऱ्या क्लिपांच्या जागा, सगळं उलट्या बाजूला. त्यासाठी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) वेगळी, वेल्डिंग करताना भाग धरून ठेवणारं फिक्स्चर वेगळं. ऑर्डर आटली तर तो माल इथल्या गाडीला लागत नाही. भंगारच.

मग एका सोमवारी मेल येतो: ‘रिवाइज्ड शेड्यूल’. त्यात कारण लिहिलेलं नसतं. वरच्या कंपनीचं वर्ष थोडं वाईट जातं एवढंच, त्यांच्याकडे दुसरी मॉडेलं, दुसरे देश असतात. खाली एका शेडमध्ये चार प्रेस आणि त्यातल्या दोन याच मॉडेलवर चालतात. बँकेचा हप्ता शेड्यूलप्रमाणे कमी होत नाही. मग सेकंड शिफ्ट बंद. ठेकेदाराला निरोप जातो, ‘दहा पोरं कमी पाठव.’ कुणाला काढलं असं कुणी म्हणत नाही, ‘ब्रेक दिलाय’ म्हणतात. लातूर, बीड, परभणीहून आलेली, खराबवाडी-म्हाळुंग्यात एका खोलीत सहा जण राहणारी ही पोरं. आयटीआय झालेली, हातात कला असलेली. ब्रेक दिलेला कामगार बेरोजगारांच्या कुठल्याही आकड्यात येत नाही. मेक्सिकोच्या संसदेत काय ठरलं हे त्याला कळण्याचं कारणच नाही, त्याला एवढंच कळतं की या महिन्यात गेटपास निघाला नाही.

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झालेल्या कराराचंही तेच गणित. तिथल्या गाड्यांवरचा कर कोट्यापुरता १० टक्क्यांपर्यंत उतरणार. गंमत अशी की जग्वार लँड रोव्हर टाटांचीच, २००८ पासून. रेंज रोव्हरची जुळणी ब्रिटनबाहेर पहिल्यांदा कुठे सुरू झाली, तर २०२४ मध्ये आपल्या पुण्यात, आणि किंमत एकदम १८ ते २२ टक्के उतरली. का? कारण सुटी करून आणलेल्या गाडीवर कर कमी. उद्या ब्रिटनहून तयार गाडीच १० टक्क्यांत येणार असेल तर पुण्यातल्या त्या जुळणीचं काय, हा प्रश्न पडायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कोटा छोटा आहे तोवर जुळणी टिकेलही. पण जुळणीत हात किती लागतात आणि इथले सुटे भाग किती, हे विचारा. सुटे भाग आणि सुटी केलेली गाडी यांत फरक काय, यावरून तर सीमाशुल्क विभागानं स्कोडा-फोक्सवॅगनला १.४ अब्ज डॉलरची नोटीस पाठवली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. विभागाचं म्हणणं, ३० ते ३५ टक्के भरायला हवे होते, तुम्ही ५ ते १५ भरले. कंपनीला ते मान्य नाही. कोर्ट काय ते ठरवेल, पण एवढा मोठा उद्योग करतक्त्यातल्या दोन ओळींमधल्या फटीत उभा आहे, हे त्यातून दिसलं.

कुणी म्हणेल, युरोपनंही आपल्या गाड्यांवरचा १० टक्के कर काढला तर चाकणची गाडी जर्मनीत जाईल की! जावी. मलाही तेच हवंय. गुजरातमधून मारुतीची विजेची गाडी युरोपात जायला लागलीच आहे. पण मग तळवडे चौकात कंटेनर तासभर अडकून चालणार नाही. निर्यातीची गाडी करायची म्हणजे प्रत्येक भागाचं मूळ कुठलं याचा कागद लागणार, स्टील बनवताना किती कार्बन सोडला त्याचा हिशेब मागितला जाणार. वीस माणसांच्या शेडमध्ये हा हिशेब कोण ठेवणार? आज तिथे जीएसटीचं रिटर्न भरायला बाहेरचा माणूस येतो.

मला राज्य सरकारकडून भाषण नकोय. सुट्या भागांवरचा कर कुठल्या वर्षी कुठल्या भागावर उतरणार, त्याचा तक्ता मराठीत छापून भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूजच्या प्रत्येक शेडला द्या. टूल रूम (जिथे डाय बनतात, दुरुस्त होतात) आणि तपासणीची लॅब सामायिक काढा, वापरायला परवडेल अशा दरात. शेड्यूलच्या अंदाजावर घेतलेला माल वरच्या कंपनीनं उचललाच पाहिजे किंवा पत्र्याची किंमत दिली पाहिजे, असा नियम करा. आणि ठेकेदाराकडच्या पोराला ब्रेक मिळाला तर निदान तीन महिने काहीतरी हातात पडेल असा निधी उभा करा, त्यात कंपन्यांनीही घालावेत. मेक्सिकोशी तातडीनं बोलणी करा हे दिल्लीला सांगायला आपले पुणे, शिरूर, मावळचे खासदार आहेतच, त्यांना कुणी आठवण करून दिली तर.

या ग्रुपमध्ये एमआयडीसीतले बरेच जण आहात. जानेवारीपासून तुमचं शेड्यूल किती हललं ते टाका खाली. कंपनीचं नाव नको, नोकरी जायची. पार्टचा प्रकार, आधी महिन्याला किती नग आणि आता किती, शिफ्ट बंद झाली का, किती जणांना ब्रेक मिळाला, एवढंच लिहा. वाढलं असेल तर तेही लिहा. सगळं एकत्र करून मी एक पत्र तयार करतोय, ज्यांना सही करायची त्यांनी इनबॉक्समध्ये या.